मग मी काय केलं?

रेल्वेच्या डब्यात समोरच्या बाकावर तीन मुलं बसली होती. कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला असतील-नसतील. जागरणाने डोळे तांबारलेले, कपडे चुरगळलेले, पाण्याची एकच बाटली तिघांत फिरत होती. मधला सारखा विचारत होता, "मग? मग मी काय केलं?" आणि दोन्ही बाजूंचे त्याला आलटून पालटून सांगत होते. तू टेबलावर चढलास. तू कुणाला तरी फोन लावलास आणि बराच वेळ बोललास. मग जिन्यात बसून रडायला लागलास, कुणाचं ऐकेचनास. प्रत्येक वाक्याला तिघं खदखदून हसत होते आणि सगळ्यांत मोठ्याने हसत होता तो मधलाच. एकाने मोबाइल काढून रात्रीचा व्हिडिओ दाखवला, पुन्हा हशा. थोड्या वेळाने ते दोघं उठून दाराशी जाऊन उभे राहिले. हा एकटा उरला. त्याने आपला मोबाइल काढला, तोच व्हिडिओ लावला, आवाज बंद केला आणि पाहत राहिला. संपला की पुन्हा पहिल्यापासून. आता चेहऱ्यावर हसू नव्हतं. एका ठिकाणी त्याने व्हिडिओ थांबवला, दोन बोटांनी चित्र मोठं केलं आणि स्वतःच्याच चेहऱ्याकडे बघत बसला.

माझं स्टेशन आलं, मी उतरले, पण तो मुलगा मनातून उतरेना. तो प्यायला होता याचं मला फार काही वाटलं नव्हतं. त्या वयाची मुलं बसतात, पितात, एखाद्याला चढते, हे सगळं मीही पाहिलेलं आहे. खुपत राहिलं ते वेगळंच. आपल्या आयुष्यातले चार-पाच तास आपण काय केलं, कुणाशी काय बोललो, कशासाठी रडलो, हे त्याला दुसऱ्यांना विचारावं लागत होतं. फोन कुणाला लावला होता हे त्याने तीनदा विचारलं होतं. ते मात्र त्या दोघांनाही माहीत नव्हतं.

अशी रात्र 'विसरली' असं आपण म्हणतो. विसरायला आधी ती कुठेतरी साठवलेली असावी लागते. डोनाल्ड गुडविन नावाच्या अमेरिकी मनोविकारतज्ज्ञाने १९७० च्या सुमारास यावर काही प्रयोग केले होते. दारूची जुनी सवय असलेल्या माणसांना काही तासांत भरपूर व्हिस्की पाजायची, मग त्यांच्याशी बोलायचं, वस्तू दाखवायच्या आणि थोड्या थोड्या वेळाने त्याबद्दल विचारायचं. एका प्रयोगात संशोधक हातात तवा घेऊन समोर यायचा, भूक लागली आहे का विचारायचा आणि मग सांगायचा की या तव्यात मेलेले उंदीर आहेत. असं काही ऐकल्यावर कुणी विसरेल का? दोन मिनिटांनी विचारलं तर त्यांना नीट सांगता यायचं. अर्ध्या तासाने त्यातल्या कित्येकांच्या डोक्यात त्याचा मागमूसही नसायचा, आणि दुसऱ्या दिवशीही नाही. म्हणजे त्या वेळी माणूस बोलत असतो, उत्तरं देत असतो, विनोदाला हसतो, जिना चढतो, फोन लावतो. बघणाऱ्याला कळतसुद्धा नाही की याच्या आत नोंद होणं कधीच थांबलंय. मेंदूत हिप्पोकॅम्पस नावाचा जो भाग घडलेल्या गोष्टी आठवणीत रुजवतो, त्याचं काम रक्तातल्या अल्कोहोलने बंद पाडलेलं असतं. शुद्ध हरपणं वेगळं आणि हे वेगळं. इथे शुद्ध असते, फक्त साक्षीदार गेलेला असतो.

आणि हे किती प्यायलं यापेक्षाही किती भरभर प्यायलं यावर जास्त अवलंबून असतं. रिकाम्या पोटी, एका दमात, एकामागून एक शॉट्स, कोण आधी संपवतो अशी पैज. रक्तातली पातळी एकदम उसळली की मेंदूला सावरायला वेळच मिळत नाही. तीच दारू तोच माणूस संध्याकाळभर पसरून, जेवत, गप्पा मारत प्याला तर कदाचित त्याला सगळं आठवेल. तरुण मुलांच्या बैठकीत नेमका हा वेगच तर मिरवायचा असतो.

यातली सगळ्यांत अस्वस्थ करणारी गोष्ट मला बऱ्याच उशिरा वाचायला मिळाली. लिंडा स्पीअर या अमेरिकी संशोधिकेने उंदरांवर वर्षानुवर्षं काम करून दाखवलं की वयात येणाऱ्या पिल्लांवर दारूचा परिणाम मोठ्या उंदरांसारखा होत नाही. मोठा उंदीर पेंगतो, अडखळतो, कोपऱ्यात जाऊन झोपतो. लहान वयाच्या उंदराला तेवढ्याच मात्रेत झोप येत नाही, तोल फारसा जात नाही, उलट तो इतरांत जास्त मिसळायला लागतो. स्मरणशक्तीवरचा घाव मात्र त्याला जास्त बसतो. माणसाच्या मुलांवर असे प्रयोग करता येत नाहीत, करूही नयेत, पण आपण डोळ्यांनी जे पाहतो त्याच्याशी हे फार जुळतं. चाळिशीतल्या माणसाला तिसऱ्या पेगला जांभया येतात. त्याचं शरीर त्याला आत ओढून झोपायला नेतं. विशीतल्या मुलाला तसं कुणी थांबवत नाही. 'मला चढत नाही' हे तो फुशारकीने सांगतो आणि ते एका अर्थी खरंही असतं. थांबायची खूण त्याला उशिरा मिळते, तोवर बाकीचं नुकसान चालूच असतं. त्यातच एनर्जी ड्रिंक मिसळलं की उरलेली झोपही उडते. रक्तातली दारू त्याने तसूभर कमी होत नाही. पुढचा-मागचा विचार करणारा मेंदूचा भाग विशीच्या मध्यापर्यंत घडत असतो, हे आता सगळ्यांना ऐकून माहीत आहे. ज्या वयात तो अर्धवट आहे, नेमकं त्याच वयात शरीराचा पहारेकरीही ढिला असावा, याचं मला वाईट वाटतं. ही मुलांची चूक नाही.

आनंद खोटा होता असं मात्र मी म्हणणार नाही.

आमच्या हॉस्टेलच्या दिवसांत गच्चीवर जमायचं ठरलं की दुपारपासूनच अंगात काहीतरी संचारायचं. कोण काय आणणार, रेक्टरांना कळणार तर नाही, ग्लास कुठून आणायचे. मी फारशी प्यायचे नाही, त्याची चव मला कधी आवडली नाही, पण त्या जमण्याला मी आवर्जून असायचे. एक मुलगी होती, दिवसभर कुणाशी एक शब्द न बोलणारी. वर्गात हजेरीलासुद्धा तिचा आवाज पुटपुटल्यासारखा यायचा. ती त्या गच्चीवर असं काही गायची की खालच्या मजल्यावरचे दिवे लागायचे. तिचं ते गाणं, सिमेंटची दिवसभर तापलेली आणि आता कोमट झालेली जमीन, कुणाचं तरी डोकं माझ्या मांडीवर, भांडलेल्या दोघींनी गळ्यात पडून केलेला समेट. आजही मला ते सगळं हवंहवंसं वाटतं. दारूविरुद्ध बोलणारी माणसं हे सांगत नाहीत, म्हणून मुलांना ती खोटी वाटतात. मुलांनी ते सुख अनुभवलेलं असतं. त्यांना कुणी सांगितलं की त्यात काही नव्हतंच, तर पुढचं ते ऐकत नाहीत.

पण त्याच गच्चीवरची आणखी एक रात्र आहे. एक मुलगी दुपारपासून उपाशी होती, आणि कुठल्याशा पैजेत तिने भराभर बरंच पोटात घातलं. आधी खूप हसली, मग गप्प झाली, मग भिंतीला टेकून बसल्या जागी झोपली. तिला उचलून खोलीत आणलं, पलंगावर टाकलं. "झोपू दे, सकाळपर्यंत उतरेल," असं सगळ्यांचं मत पडलं. कुणी कॉफी करू म्हणालं, कुणी थंड पाण्याखाली धरू म्हणालं. आमच्याहून वरच्या वर्गातली एक ताई तेवढी म्हणाली, मी बसते हिच्याजवळ. तिने त्या मुलीला कुशीवर वळवलं, पाठीशी उशी लावली म्हणजे ती परत उताणी होणार नाही, आणि खुर्ची ओढून बसली. रात्रभर. आम्ही अधूनमधून डोकावत होतो. ती दर थोड्या वेळाने वाकून तिचा श्वास ऐकायची, हात हातात घेऊन गार पडलाय का बघायची. पहाटे ती मुलगी भडाभडा ओकली, कुशीवर होती म्हणून सगळं चादरीवर गेलं. सकाळी उठून तिने चहा मागितला आणि आम्ही हसायला लागलो. ताई हसली नाही. ती चादर घेऊन धुवायला गेली.

ती कशावर पहारा देत होती, हे मला पुढे कधीतरी वाचताना कळलं. माणूस आडवा झाला म्हणजे दारूचं काम संपलं असं आपण समजतो. पोटात आणि आतड्यात शिल्लक असलेली दारू तेव्हाही रक्तात उतरतच असते. झोपलेल्या माणसाची पातळी झोपल्यावरही चढू शकते, म्हणजे त्याची सगळ्यांत वाईट वेळ तो निपचित पडल्यावर येऊ शकते. मेंदूचा जो भाग श्वास चालवतो तोही मंदावतो. घशात काही आलं तर ठसका लागून ते बाहेर टाकायची जी आपोआपची क्रिया असते, तीही बधिर होते. उताणा पडलेला माणूस ओकला तर ते श्वासनलिकेत जाऊन गुदमरतो. यात दारूचं व्यसन असायला लागत नाही. आयुष्यातली पहिलीच पार्टी असली तरी पुरते. आणि उतरवायचे म्हणून जे उपाय आपण पिढ्यान्‌पिढ्या सांगतो, त्यातला एकही कामाचा नाही. यकृत आपल्या ठरलेल्या गतीनेच दारूचा निचरा करतं, ढोबळमानाने तासाला एक ड्रिंक. कॉफीने तो माणूस फार तर जागा राहून झिंगलेला राहील. थंड पाण्याने आधीच उष्णता गमावत असलेलं अंग आणखी गारठेल. जाग येत नाही, ओठ-नखं निळसर पडली, अंग थंड आणि चिकट लागतंय, मिनिटाला आठपेक्षा कमी श्वास चालू आहेत किंवा दोन श्वासांत दहा सेकंदांहून जास्त अंतर पडतंय, यातलं काहीही दिसलं की सकाळची वाट बघायची नाही. सगळी लक्षणं एकत्र दिसेपर्यंतही थांबायचं नाही. लगेच ॲम्ब्युलन्स.

'तासाला एक ड्रिंक' म्हणजे किती, हे तरी कुठे कुणाला माहीत असतं? अमेरिकेत एका ड्रिंकमध्ये १४ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल धरतात, ब्रिटनमध्ये एक युनिट ८ ग्रॅमचं. पार्टीत ओतणाऱ्याचा हात म्हणजेच माप. दारूच्या परिणामांवर संशोधन करणाऱ्या अमेरिकेतल्या राष्ट्रीय संस्थेच्या व्याख्येप्रमाणे दोनेक तासांत पुरुषाने पाच आणि बाईने चार ड्रिंक घेतली की ती बेसुमार पिण्याची रात्र झाली, कारण साधारण तेवढ्यात रक्तातलं प्रमाण ०.०८ टक्क्यांवर जातं. जागतिक आरोग्य संघटना एका बैठकीत ६० ग्रॅम किंवा त्याहून जास्त, असं मोजते. बाईला एक कमी का, तर तिच्या शरीरात पाण्याचा अंश कमी असतो, तेवढीच दारू कमी पाण्यात मिसळते. मुलींनी मुलांच्या बरोबरीने ग्लास रिकामे करायचे ही जी ईर्षा हल्ली दिसते, तिथे शरीर बरोबरी मानत नाही. हार्वर्डच्या हेन्री वेक्सलर यांनी १९९३ मध्ये अमेरिकेतल्या १४० कॉलेजांत पाहणी केली तेव्हा हीच पाच आणि चारची रेघ धरली होती, आणि मागच्या दोन आठवड्यांत ती ओलांडलेले विद्यार्थी निघाले ४४ टक्के. हे आकडे वाचताना माझ्या डोळ्यांसमोर सारखी ती गच्ची येत होती. आमच्यातल्या कितीतरी जणी तासाभरातच त्या रेघेपलीकडे गेलेल्या असत.

आईवडिलांशी या विषयावर बोलताना मला एक वाक्य हमखास ऐकायला मिळतं. "अधूनमधून पार्टी करतो, पण व्यसन नाही हो त्याला." हे म्हणताना त्यांच्या स्वरात सुटकेचा निःश्वास असतो. आपल्या सगळ्यांच्या मनात दारूचं एकच चित्र पक्कं बसलंय, रोज पिणारा, नोकरी गमावलेला, घरात मारहाण करणारा दारुडा. मूल तसं दिसत नाही ना, मग काळजी नको. २०१४ मध्ये अमेरिकेत सरकारी पाहणीच्या आकड्यांवरून एक अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात असं निघालं की प्रमाणाबाहेर पिणाऱ्यांपैकी दहांतले नऊ जण व्यसनी या व्याख्येत बसतच नाहीत. ते महिनाभर शहाण्यासारखे वागतात, अभ्यास करतात, कामाला जातात आणि एखाद्या शनिवारी रात्री त्यांचं काहीतरी होतं. गाडी घसरते, कठड्यावरून तोल जातो, पाण्यात उतरतात, कुणावर हात उगारला जातो, कुणी त्यांच्यावर जबरदस्ती करतं आणि सकाळी नीट सांगताही येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबात २०१९ साली जगभरात वीस ते एकोणचाळीस वयात झालेल्या मृत्यूंपैकी साधारण १३ टक्के मृत्यूंचं कारण दारूशी जोडलेलं होतं. इतर कुठल्याच वयोगटात हे प्रमाण एवढं नाही. यकृत सडायला वर्षं लागतात. या मुलांना तेवढी वर्षं मिळतच नाहीत. आपण व्यसनाची वाट बघत बसतो आणि रात्र येऊन जाते.

माझी भाची वसतिगृहात राहते. ती पीत नाही. मागच्या सुटीत ती माझ्याकडे राहायला आली होती, तेव्हा मी तिला त्या डब्यातल्या मुलाबद्दल सांगितलं. मला वाटलं तिला धक्का बसेल. ती शांतपणे म्हणाली, "मावशी, दर वेळेला कुणीतरी एक असतोच असा. आणि सांभाळणारी मी असते." मग बराच वेळ ती सांगत राहिली. कुणाचे केस मागे धरायचे, कुणाचा मोबाइल काढून घ्यायचा म्हणजे तो नको त्या माणसाला फोन करणार नाही, कुणाला कुणाबरोबर एकटीला जाऊ द्यायचं नाही. सगळ्यांना आपापल्या खोलीत पोचवून ती झोपते तेव्हा उजाडत आलेलं असतं. दुसऱ्या दिवशी जो तो तिला विचारायला येतो, मी काय केलं गं? "मी सगळं सांगत नाही. काही गोष्टी गाळते." असं म्हणून ती गप्प झाली. एकोणीस वर्षांच्या मुलीजवळ इतरांच्या न आठवणाऱ्या रात्रींचा साठा असावा, आणि त्यातलं काय द्यायचं, काय दडवायचं हे तिने एकटीने ठरवावं, याने मला गलबलून आलं. पिणाऱ्यांची काळजी सगळे करतात. या अशा जाग्या राहणाऱ्या मुलामुलींकडे कुणाचं लक्ष जात नाही.

मी विचारलं, "पण सगळेच एवढे पितात?"

"सगळेच."

मग दोन दिवसांनी, भांडी विसळता विसळता, आपण होऊनच म्हणाली, "सगळेच नाही तसे. ती अमुक एकदा मला म्हणाली होती की तिला नको असतं, पण नाही म्हटलं की सगळे बघतात. तो दुसरा ग्लास घेऊन फिरतो नुसता. आणि एकाने तर मला सांगितलं की तो बाथरूममध्ये जाऊन ओततो." ती स्वतःशीच मोजत होती. मोजता मोजता तिचा चेहरा बदलत गेला, कारण त्या टोळक्यात मनापासून तसं पिणारे दोघं-तिघंच उरले. डेबोरा प्रेंटिस आणि डेल मिलर या मानसशास्त्रज्ञांनी १९९३ मध्ये अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांत नेमकं हेच मोजलं होतं. प्रत्येकाला वाटत होतं की इथल्या पिण्याबद्दल आपण जितके अस्वस्थ आहोत तितकं दुसरं कुणी नाही. सगळेच आतून कुरकुरत होते आणि एकमेकांचा आनंदी चेहरा खरा मानत होते. मला हे वाचून वाईटही वाटलं आणि आशाही वाटली. दोघांनी जरी तोंड उघडलं तरी बाकीच्यांना केवढा मोकळा श्वास मिळेल.

भाचीला मी ॲलन मार्लॅट या मानसशास्त्रज्ञाची गोष्टही सांगितली. त्यांनी वॉशिंग्टन विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत चक्क बार थाटला होता. मंद दिवे, काउंटर, संगीत. काहींना व्होडका सांगून नुसतं टॉनिक वॉटर द्यायचं, काहींना टॉनिक सांगून त्यात व्होडका घालायची. आपण दारू पितोय असं ज्यांना वाटत होतं ती मुलं साध्या टॉनिकवरही मोकळी होत, मोठ्याने बोलत, एकमेकांकडे झुकत. बोलणं सैल होणं, धीट होणं, गळ्यात पडणं यातलं बरंचसं ग्लासातून येत नव्हतं. आज मोकळं व्हायला परवानगी आहे, हे सगळ्यांनी मिळून ठरवल्याने ते येत होतं. सगळंच नाही, दारू मेंदूवर परिणाम करतेच. पण हे वाचलं तेव्हा मला गच्चीवरची ती गाणारी मुलगी आठवली आणि माझ्या मनात काहीतरी हललं. ते गाणं तिचं होतं, आवाज तिचा होता, ऐकणाऱ्या आम्ही होतो. त्याचं सगळं श्रेय आम्ही त्या बाटलीला देऊन टाकलं, आणि बहुधा तिनेही दिलं. बाटलीशिवाय तिला कुणी गायला सांगितलं असतं तर? आम्ही विशीत एकमेकींना जे धाडस दिलं ते आमचं स्वतःचं होतं, असं तिला आज सांगावंसं वाटतं. ती कुठे आहे मला माहीत नाही.

हे सगळं बदलतं का? आइसलँडमध्ये १९९८ साली पंधरा-सोळा वर्षांच्या ४२ टक्के मुलांनी सांगितलं होतं की गेल्या महिन्याभरात आम्ही झिंगेपर्यंत प्यायलो. २०१६ मध्ये तेच प्रमाण ५ टक्क्यांवर आलं. तिथे त्यांनी भीती घालणारी भाषणं कमी केली. संध्याकाळी मुलांना खेळ, संगीत, नाच शिकता यावा म्हणून पैसे दिले, आईवडिलांनी एकत्र येऊन काही नियम मान्य केले, रात्री उशिरा लहान मुलांनी बाहेर भटकायला बंदी आली, वीस वर्षांखालच्यांना दारू विकत मिळेना. छोटा देश, सगळीकडे तसंच्या तसं होईल असं नाही, आणि रात्रीच्या बंदीचा भाग मला अजूनही थोडा टोचतो. पण त्या मुलांना दारूऐवजी काहीतरी दिलं गेलं, हे मला महत्त्वाचं वाटतं. मोकळं होण्यासाठी, अंगातली रग जिरवण्यासाठी, घाबरत घाबरत दुसऱ्याच्या जवळ जाण्यासाठी तरुण मुलांना कुठेतरी जागा लागणारच. आपण ती ठेवली नाही तर बार ठेवतो.

भाची परत जायच्या आदल्या रात्री मी तिला म्हटलं, "तिकडे कुणाला जास्त झालं आणि तू घाबरलीस तर कितीही वाजले असले तरी मला फोन कर. पण त्याआधी ॲम्ब्युलन्सला कर. हॉस्टेलवाल्यांना कळेल, घरी कळेल, कुणाचं नाव खराब होईल, यातलं काही मनात आणायचं नाही." ती म्हणाली, "तेच तर होतं, मावशी. सगळे तेवढ्यालाच घाबरतात. मागे एकीला उठवत होतो तर ती उठेचना, आणि आम्ही पंधरा मिनिटं यावर वाद घालत होतो की वॉर्डनना सांगायचं की नाही." ती मुलगी वाचली. पण ती पंधरा मिनिटं माझ्या डोक्यातून जात नाहीत. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाने २००२ पासून असा नियम केला की पिण्यामुळे अत्यवस्थ झालेल्यासाठी मदत बोलावली तर बोलावणाऱ्यावर आणि त्या विद्यार्थ्यावर शिस्तभंगाची कारवाई होणार नाही. मग मदतीसाठी येणारे फोन वाढले. प्रत्येक वसतिगृहाच्या दारावर एवढं एक वाक्य लावायला कुणाचं काय जातं, हे मला कळत नाही. मुलं शिस्तीला घाबरून मैत्रिणीचा श्वास मोजत बसणार असतील तर ती शिस्त कुणासाठी आहे?

ही गोष्ट मी माझ्या बहिणीला सांगितली तेव्हा ती चिडली. "म्हणजे तू तिला परवानगीच दिलीस. उद्या ती म्हणेल, मावशीला चालतं." मी म्हटलं, "ताई, ती पीत नाही गं." ती म्हणाली, "आज नाही पीत." हे मात्र खरं होतं, यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. मुलींना वाढवताना काही दारं बंद ठेवावी लागतात असं तिचं म्हणणं, आणि ती तिची आई आहे, काळजीने रात्र रात्र जागणारी ती आहे, मी नाही. आपण मदतीचा रस्ता सोपा केला की पिण्याचाही होतो का, या तिच्या प्रश्नावर मी खूप विचार केला. मला अजूनही वाटतं की नाही होत. भीतीने पिणं थांबत नाही, फक्त दाराला आतून कडी लागते. पण तिला मी हे पटवू शकले नाही, आणि दोघीही थोड्या घुश्शात फोन ठेवून मोकळ्या झालो.

त्यानंतर काही दिवस आमचं बोलणं नव्हतं. मग एका दुपारी तिचाच फोन आला. इकडचं तिकडचं बोलली, गुडघ्याचं सांगितलं, भाचीच्या परीक्षेचं सांगितलं. ठेवता ठेवता थांबली आणि तिने विचारलं, "ते कुशीवर झोपवायचं म्हणालीस ना, ते डाव्या की उजव्या?"

"कुठल्याही," मी म्हटलं. "फक्त उताणं नको. आणि एकटं सोडायचं नाही."

"थांब, लिहून घेते. तिला पाठवते," ताई म्हणाली.